कागदावरच्या दोन बहिणी

वाशी, तहसील कचेरीच्या पायरीवर
२४ मार्च २०२५

लाडक्या पुट्टीस,

बसवेशदादाचा पापा. मी ठीक आहे, तू पण ठीक असशील. खोकला गेला का? तुळजाबाईंना नमस्कार सांग. त्यांच्या हातच्या आमटीसारखी आमटी मला तीन तालुक्यांत मिळाली न्हाय, हे पण सांग.

हे पत्र तुमच्या संस्थेची समृद्धीताई तुला देईल. ती आत्ता माझ्या शेजारीच बसलीय, मांडीवर तुझी फाईल घेऊन. साहेब जेवायला गेलेत. ते आले की माझी सही आणि त्यांचा शिक्का. तोवर बसायचं. ताईनं माझं आधार कार्ड तिच्या पर्समध्ये ठेवलंय. म्हणाली, "हे माझ्याकडं राहिलं म्हणजे तू पण राहशील." मी म्हटलं, "मी काय बैल हाय का ताई?" तर म्हणते, "बैल बरा. खुंट्यापाशी सापडतो तरी."

माझं काम तेच. रणधीरशेठचा आकाशपाळणा जत्रेत उभा करायचा, फिरवायचा, उतरवून टेम्पोत भरायचा. मागल्या महिन्यात ईटला होतो. वर पाळण्यात बसून नटबोल्ट आवळताना लांबलांबचं दिसतं. एकदा एक म्हातारी बसली आणि वर गेल्यावर म्हणती, थांबीव, मला माझं घर बघू दे. थांबवला. खाली लोक शिव्या द्यायला लागले. तिला घर काय सापडलं न्हाय, पण उतरल्यावर मला पेरू दिला.

काय सांगत होतो? हां, कागद.

तुला कुणी नीट सांगितलं नसेल, म्हणून मीच सांगतो. आई-अप्पा गेले तेव्हा तू दोन वर्षांची, मी अकराचा. संस्थेत नेण्याआधी साहेबांनी विचारलं, पोरीचं नाव काय. घरात तर तुला सगळे पुट्टीच म्हणायचे. तुझं नाव अज्जीचं ठेवलेलं, आणि आई सासूचं नाव तोंडानं घ्यायची न्हाय. मग ते नाव घरात कुणी काढलंच न्हाय. मला अज्जी म्हणजे अज्जी. तिला दुसरं नाव असतंय हेच ठाऊक नव्हतं. समोर दुकानाची पाटी होती, गायत्री किराणा. मी सांगून टाकलं, गायत्री.

आता इटलीला जायचं म्हणून ताई आपल्या गावात तुझा जन्मदाखला काढायला गेली, तर रजिस्टरात रुद्रम्मा. गायत्री कुठंच न्हाय. वरून विचारणा आली, मग रुद्रम्मा कुठं आहे? म्हणजे कागदावर मला दोन बहिणी झाल्या. एक इटलीला निघालेली, एक हरवलेली. दोघी एकच आहेत हे शपथेवर सांगणारं रक्ताचं माणूस मी एकटाच उरलोय.

त्यासाठी बोलावल्याचा कागद मला श्रावणात मिळाला. सोनारीला होतो, शेठचं सामान राखत. ताईला मी फोनवर सांगितलं की कागद माकडानं नेला. सोनारीची माकडं तुला माहीत न्हाईत, देवाच्या दारात हातातला नारळ ओढून नेतात. ताईला खरं वाटलं. तिनं दुसरा कागद पाठवला. तेव्हा मी म्हटलं, लांब कर्नाटकात आहे. होतो ईटलाच. तिसऱ्या वेळी फोनच उचलला न्हाय.

माकडानं काही नेलं नव्हतं, पुट्टी. कागद माझ्या खिशातच होता, घडीवर फाटेपर्यंत.

मी सही करत न्हाय तोवर तू जात न्हाईस, एवढंच मला समजत होतं. तुला दत्तक घेणारे मार्ता आणि लूका चांगली माणसं आहेत, ते मला दिसतं. शनिवारी व्हिडिओ फोनवर ते तुझं नाव घेतात तेव्हा त्यांचं तोंड बघितलंय मी. त्यांनी तिकडं तुझ्या खोलीची भिंत पिवळी रंगवली ते पण बघितलं. मी ताईला एकदा विचारलं होतं, भाऊ पण गेला तर चालतं का? म्हणाली, अठरा झालेल्याला नियमात न्हाय. हे तुला कधी बोललो न्हाय. मग मी सात महिने असाच हिंडलो.

गेल्या रविवारी संस्थेत आलो होतो. तुला न सांगता. तू अंगणात दोरीवरच्या उड्या मारत होतीस आणि मी फाटकाबाहेर. तुळजाबाई भाजी घेऊन येत होत्या, त्यांनी ओळखलं. म्हणाल्या, "चोरासारखा काय उभा राहतोस? ये की आत." मी म्हटलं, घाईत आहे. तर म्हणाल्या, "तुझीच घाई हाय व्हय रे? ती पोरगी सात महिने झाले रोज पिशवी उघडती अन् परत भरती. जायच्या दिवसाचा फ्रॉक आखूड झाला, तरी पिशवीतनं काढू देईना." मग म्हणाल्या, त्या दोघांना तिकडून मिळालेली परवानगी मे महिन्यात संपतीय. संपली तर सगळं पहिल्यापासून. तोवर हिची उंची कुणी धरून ठेवायची?

मी आत आलो न्हाय. यष्टीत बसलो आणि ताईला फोन केला.

साहेब आले. थांब.

झालं. कारकुनानं विचारलं, मुलीशी नातं काय? म्हटलं, सख्खा भाऊ. त्यानं तसंच टाईप केलं आणि मला वाचायला दिलं. मी दोनदा वाचलं. ताई म्हणते, आता आदेश निघेल, पासपोर्ट होईल, आणि पुढच्या कागदांवर आई-बाबा म्हणून त्या दोघांची नावं लागतील. बरोबरच आहे. भावासाठी रकाना नसतो. म्हणून मी ह्या शपथेच्या कागदाची झेरॉक्स मागितली. एक तुझ्यासोबत पाठवतोय, एक माझ्या पत्र्याच्या पेटीत राहील.

ताईनं आधार परत दिलं. म्हणाली, "आता कुठं जायचं तिकडं जा." कुठं जायचं ते सुचत न्हाय, म्हणून अजून पायरीवरच बसलोय.

नवा फ्रॉक ताईच्या पिशवीत आहे. मापापेक्षा मोठा घेतलाय. आणखी थोडी वाट बघावी लागली तरी होईल.

मराठी विसरलीस तर हे कुणाकडून तरी वाचून घे. आणि कुणी विचारलं तर सांग, रुद्रम्मा हरवली न्हाय.

शिक्का नसलेल्या ह्या कागदावर पण,
तुझा सख्खा भाऊ,
बसवेश