बैल कोणी केला

३ ऑगस्ट, रवि.
ओसरीत लेझरचं मशीन एकदाचं मांडून झालं. धाकट्या भावाचा, विलासचा, नागपूरहून फोन. "रिटायर झालेल्या मास्तरीणबाईनं पोथी वाचावी, हे काऊन?" म्हटलं, पोथी तू वाच, मी लाकूड कापते. शिवणीच्या लाकडाची पातळ फळी लावून पाहिली. निळा ठिपका फिरतो, मागे काळी रेघ, आणि तुकडा आपोआप खाली. पोरासारखी टाळी वाजवली. बाबांच्या सुतारीच्या दुकानात ताज्या लाकडाचा वास असायचा, इथे भाजलेल्या लाकडाचा. तरी थोडा वेळ डोळे मिटून उभी राहिले. बाबा खाटेवरून बघत होते.

५ ऑगस्ट, मंगळ.
लेकीचा फोन. पोळ्याला चिऊला घेऊन येतेय. चिऊ पाच वर्षांची, तान्ह्या पोळ्याला पहिल्यांदाच लाकडाचा बैल ओढणार. "बैल मोठ्या आजोबांच्याच हातचा पायजे," म्हणे. आता बाबांचे हात कुठले? चहाचा ग्लाससुद्धा दोन्ही हातांनी धरतात तरी सांडतो. आणि सुताराच्या घरची पोर विकतचा बैल ओढणार? वडसा गावात नाक राहील का!
म्हटलं, मी करते, मशीनवर.
बाबा म्हणाले, "मंग तो मशीनचा झाला. तुहा कसा?"
सरळ लिहून टाकते. मला त्यांच्या तोंडून एकदा ऐकायचं आहे, हा बैल सुमनचा. बस.

८ ऑगस्ट, शुक्र.
पाऊस. दिवसभर जुनंच डोक्यात.
पोळा जवळ आला की दुकानात पांढऱ्या बैलांची रांग लागायची. बाबा घडवायचे, विलासला पटाशी धरायला शिकवायचे, आणि माझ्या हाती काचकागद. पोरीच्या जातीला पटाशी नाही. घासून घासून बोटांची टोकं इतकी गुळगुळीत व्हायची की शाळेत पानं उलटता यायची नाहीत. मान, पाठ, वशिंड, सगळं अंगठ्यानं कळायचं. पोळ्याच्या आदल्या दिवशी गिऱ्हाइकांची गर्दी, आई चहा करून करून वैतागलेली, बाबांच्या भुवयांवरही भुसा.
विलासनं पुढे मोबाइलचं दुकान टाकलं. पटाशा पेटीत गंजल्या. मला राग आहे का? आहे. पण ते दिवस परत मिळाले तर आज जाऊन घासत बसेन.
बैल कसा करायचा ते ठरलं. पावाचे काप करतात तसे बैलाचे उभे काप काढायचे, चिकटवायचे, मग घासून गोल करायचे.

१३ ऑगस्ट, बुध.
फजिती! फळी वाया जाऊ नये म्हणून कम्प्युटरवर पायांचे काप मिळेल त्या जागेत आडवेतिडवे बसवले. स्वतःच्या हुशारीवर खूश. चिकटवला, चाकांच्या पाटावर उभा केला, दोरी बांधून ओसरीत ओढला. उंबरठ्याशी ठेचकाळला आणि पुढचे दोन्ही पाय काडकन मोडले. लाकडाची रेषा पायात आडवी आली होती, आणि आडव्या रेषेवर लाकूड टिकत नाही. सुताराची लेक मी! जन्मभर रेषेच्या अंगानं घासलं, पण पडद्यावर लाकडाला रेषाच नसते, तर विसरले.
बाबा हसून हसून खोकायला लागले. "अवो माय, बसला बैल खाली!"
किती महिन्यांनी हसले. मग मलाही आवरेना.

१८ ऑगस्ट, सोम.
पुन्हा कापला, पाय उभ्या रेषेत. मधेच लाइन गेली, दोन काप परत काढावे लागले. चिकटवून झालाय. आता नुसतं घासणं. काळ्या कडा निघता निघत नाहीत, नाकातोंडात भुसा.
दुपारी बाबा उठून शेजारी येऊन बसले. बैल मांडीवर घेतला, अंगठ्यानं पाठ चाचपली. "इथी उतरव." उतरवलं. "आनखी." आणखी उतरवलं.
हिंमत करून विचारलं, आता कोणाचा?
"घास मुकाट्यानं."

२२ ऑगस्ट, शुक्र. पोळा.
चिऊ आली. बैलाला मिठीच मारली. नाव ठेवलं भुऱ्या. शिंगं तिनं रंगवली, फरशीसकट. बाबांना म्हणाली, तुम्हीच केला ना? बाबा माझ्याकडे बघून नुसते हसले.

२३ ऑगस्ट, शनि. तान्हा पोळा.
हे लिहायलाच हवं.
देवळापुढे तोरण, पोरांच्या रांगा, पोळ्याच्या झडत्या म्हणणाऱ्यांचा गलका. बाबांना खुर्ची दिली, मी मागे उभी. शेजारच्या शेवंताबाई भुऱ्याजवळ थांबल्या. "अव बाप्पा, काय बैल हाये! सुतारभाऊ, हात बरा झाला वाट्टे?"
बाबा म्हणाले, "मले काऊन विचारता? ज्यानं केला त्याले विचारा. हे काय, मागं उभी हाये."
सगळ्यांची तोंडं माझ्याकडे. इतके दिवस जीव ज्याच्यासाठी टांगला होता ते समोर आलं. आणि मी काय म्हणावं? "छे, मी कुठली! मशीननं काढला."
"अस्सं, मशीन हाये का," म्हणत शेवंताबाई पुढच्या बैलाकडे गेल्या.
चिऊ घरोघर बोजारा, म्हणजे पोळ्याचा खाऊ-पैसे, मागून आली, चॉकलेटं मोजत बसली. बाबा जेवताना एकदम म्हणाले, "माह्या जन्मात मी कधी म्हनलं का, बैल पटाशीनं केला म्हनून?"
आणि बाबा भात टाकून उठले.

२५ ऑगस्ट, सोम.
चिऊ गेली. भुऱ्याला मांडीवर घेऊनच एसटीत बसली. घर सुनं.
बाबा कामापुरतं बोलतात.
सकाळी शेवंताबाई दारात. "पुढच्या पोळ्याले नातवासाठी काढून द्या ना, बाई, तुमच्या मशीनवर एक." खाटेवर बाबा पाठमोरे पडले होते, पण जागे. मला ठाऊक होतं. तोंड उघडलं, आणि निघालं काय, "बघू."
नंतर स्वयंपाकघरात, कुकरच्या आवाजात, एकटीच म्हणून पाहिलं. मी केला. पुन्हा जरा मोठ्यानं. मी केला.
खाटेपाशी जाऊन म्हणायचं अजून राहिलंय.