माझ्या माघारी गिटारच्या तारा कोणी बदलायच्या

मी, खाली डाव्या हाताचा अंगठा उठवणारी, दोन मुलग्यांची आई, जन्मभर जिन्याखाली बसून छत्र्या दुरुस्त केलेली बाई, आज पूर्ण शुद्धीवर असताना, कोणाच्या धाकाने नाही की कोणाच्या गोड बोलण्याला भुलून नाही, हे मृत्युपत्र सांगत आहे. लिहून घेत आहेत खालच्या मजल्यावरचे निवृत्त टंकलेखक. मला अक्षर येत नाही आणि त्यांना ऐकू कमी येतं, त्यामुळे हे सगळं मी ओरडून सांगितलेलं आहे. ते गुप्त ठेवण्याचा प्रश्नच उरलेला नाही. माझं डोकं ठिकाणावर असल्याचं डॉक्टरांनी सांगितलं आहे. हृदयाबद्दल त्यांना तसं म्हणता आलं नाही.

साक्षीला दोघं बसले आहेत: वाद्यं दुरुस्त करणारे, आणि समोरच्या दारातल्या मास्तरीणबाई.

याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. मरायला सवड नव्हती.

१. घर. दोन खोल्या आणि जिन्याखालची टपरी. दोन्ही मुलग्यांची, सारखी. मध्ये भिंत घालायची असेल तर माझी खाट बाहेर निघेपर्यंत थांबावं.

२. बँकेत जे काही असेल ते धाकट्या सुनेचं. किती आहे हे तिने आजवर विचारलेलं नाही, आणि म्हणूनच तिला.

३. छत्र्यांचं सामान, म्हणजे काड्या, मुठी, कापडाचे तुकडे, सुयांचा डबा, ज्याला हवं त्याने न्यावं. नणंदेने नेलेली काळी छत्री मागू नये. तिची एक काडी सैल आहे, वारा आला की छत्री उलटी होते. हेही तिला सांगू नये. पक्कड मात्र या सामानात धरू नये, तिचं पुढे येतं.

४. गिटार. विजेवर वाजणारी, फिकट पिवळी, जुन्या धाटणीची. धाटणी जुनी, गिटार नवी. दुकानात ती मुद्दाम घासून, रंग उडवून, कडांना पोचे पाडून म्हातारी केलेली मिळते आणि त्या म्हातारपणाचे वेगळे पैसे घेतात. धाकट्याने ती आणली तेव्हा मी म्हटलं, मी फुकटात झिजले तर मला कोणी विचारलं नाही. तो म्हणाला, “आई, तुला तारा असत्या तर विचारलं असतं.”

याच गिटारवर लग्नाच्या हॉलांत, हॉटेलांत वाजवून त्याने संसार केला. तारा बदलायचं काम माझ्याकडे आलं ते सवयीने. छत्रीची काडी काय, गिटारची तार काय, माझ्या हाताला दोन्ही सारखीच. पहिल्या खेपेला मी सहाही तारा उलट्या लावल्या, जाड खाली आणि बारीक वर. तो हसून हसून लोळला. म्हणाला, तू हिला डावखुरी केलीस. मग मी चाचपून जाडी ओळखायला शिकले, खुंटीवर वेढे नीट बसवायला शिकले, आणि उरलेलं टोक पक्कडीने अगदी मुळाशी कापायला शिकले, कारण नाहीतर ते त्याच्या बोटात घुसतं.

मग त्याच्या डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट ऐकेनासं झालं. तो म्हणाला, तारा कडक आहेत. मी बारीक तारा लावल्या. मग म्हणाला, तारा फार उंचावर आहेत. दुरुस्तीवाल्यांनी तारा जिच्यावर टेकतात ती घोडी खाली घेतली. मग गिटारची मान, म्हणजे धरायचा दांडा, जाड वाटायला लागली. मागून रंधा मारून ती पातळ केली. मग म्हणाला, ही बोलतच नाही. तारांखालचे चुंबकाचे डबे असतात, पिकअप म्हणतात त्यांना, ते काढून जास्त जोराचे बसवले, म्हणजे हात हलका पडला तरी आवाज यावा. प्रत्येक वेळी थोडे दिवस बरं वाजे. आम्ही हुरळून जायचो. मग तारा इतक्या खाली आल्या की मानेवरच्या पट्ट्यांवर खरखरायला लागल्या, म्हणून घोडी पुन्हा वर.

नस वाळत चालली आहे आणि तिला औषध नाही, असं डॉक्टरांनी त्याला सांगितलं. ते त्याने बायकोला सांगितलं, तिने मला, आणि आम्ही तिघांनी मिळून गिटारला दोष देणं चालू ठेवलं.

दुरुस्तीवाले समोर बसले आहेत म्हणून सांगते. अलीकडे ते गिटार घेऊन जात, दुकानात भिंतीला टांगत, फडक्याने पुसत आणि परत आणून देत. म्हणत, “मानेला बाक आला होता, काढला.” धाकटा वाजवून बघे आणि म्हणे, “हां, आता जमलं.” दोघंही त्या वेळी गिटारकडे बघत, एकमेकांकडे नाही. हे लिहून घेताना दुरुस्तीवाल्यांनी चष्मा पुसायला काढला आहे. तेही लिहा.

थोरला लिफ्ट दुरुस्त करतो. लिफ्ट अडकली की आधी दोष शोधायचा, मग हात लावायचा, हा त्याचा धंदा. एकदा जेवताना धाकटा म्हणाला, या खेपेला खुंट्याच बदलून टाकू. थोरल्याने घास ताटात ठेवला. म्हणाला, “नाचता येईना अंगण वाकडं. गिटारला काही झालेलं नाही, तुझा हात गेलाय. अजून किती तासणार आहेस तिला?”

खरं तेच बोलला. खरं बोलायला मीच त्याला शिकवलं. कुठे गप्प बसायचं हे बहुधा लिफ्टने शिकवायचं होतं.

धाकटा उठला. गिटार आणून माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाला, “आई, ही आजपासून तुझी. माझ्याकडे राहिली तर एक दिवस भिंतीवर आपटेन.” अशी मी गिटारची मालकीण झाले. संध्याकाळ झाली की तो माझ्या खाटेशी येतो आणि विचारतो, “जरा घेऊ का?” एवढा बाप्या माणूस, पण विचारतो असा, जणू शेजारणीची सायकल मागतोय. मी म्हणते, पाडू नकोस. तेव्हापासून थोरला आमच्यात जेवायला बसलेला नाही आणि भाऊ भावाशी बोललेला नाही. एकाच जिन्याने चढतात-उतरतात, एक वर येताना दिसला की दुसरा खाली थांबतो.

आता पेच असा की ही गिटार द्यायची कोणाला. धाकट्याला दिली तर आपटेल. दुसऱ्या कोणाला दिली तर मी मेल्यावर मीही तेच बोलले असं होईल, जे थोरला जेवताना बोलला. कोणाचंच नाव न घालता ठेवली तर टंकलेखक म्हणतात, कायद्याने दोघांना निम्मी निम्मी. मग करवतही कोणाच्या तरी नावावर करावी लागेल.

मी पुष्कळ विचार केला. दुसरं काही सुचलं नाही.

म्हणून गिटार धाकट्याला, कुठल्याही अटीशिवाय. आपटली तर त्याची, नाही आपटली तरी त्याची.

आणि गिटारचं काम थोरल्याला. तारा गंजल्या की बदलायच्या, मग ती वाजो न वाजो. जाड तार वर, हे लक्षात ठेवायचं. भाऊ म्हणेल की आवाज बिघडलाय, तेव्हा ती उचलून दुरुस्तीवाल्यांकडे न्यायची आणि परत आणताना सांगायचं की बाक आला होता. पक्कड यासाठी त्याला.

इथे टंकलेखकांनी लेखणी थांबवली. म्हणाले, “आजी, वस्तू देता येते, काम देता येत नाही. नाही केलं त्याने, तर कोर्ट काय करणार?” मी विचारलं, कोर्टाला तारा बदलता येतात का? नाही म्हणाले. मग कोर्टाला कशाला मध्ये घेता, नुसतं लिहा.

थोरला मघापासून दाराशी उभा आहे. आत येत नाही, जातही नाही. त्याच्यावर जबरदस्ती करायला मी असणार नाही, आणि असते तरी उपयोग नव्हता. कापड फाटलं तर मी ठिगळ लावलं, काडी मोडली तर काडी बदलली. पोराच्या बोटाला लावण्यासारखं माझ्या डब्यात काही निघालं नाही. मी तो पालथा घालून पाहिला.

५. मी गेल्यावर धाकट्याला कोणी “आईसाठी एक वाजव” म्हणू नये. आपणहून वाजवायला बसला तर ज्याला खरखर सोसणार नाही त्याने गॅलरीत जाऊन उभं राहावं.

हे सर्व मला मोठ्याने वाचून दाखवलं. टंकलेखकांनी दोन जागी माझं बोलणं शुद्ध केलं होतं, ते मी पुन्हा होतं तसं करून घेतलं.

अंगठ्याची निशाणी: (खालील शेरा पाहावा)

शेरा, लेखनिकाच्या हातचा: निशाणी घेताना धाकट्या चिरंजीवांनी आईचा अंगठा आपण धरतो असं सांगितलं. ज्याला काही मिळायचं आहे त्याने हात लावू नये, अशी हरकत मी घेतली. “अंगठा माझा आहे,” असं बाई म्हणाल्या. चिरंजीवांचा उजवा हात मोकळा होता, तरी त्यांनी डावा पुढे केला. पकड सुटली, अंगठा सरकला आणि निशाणी फिसकटली. मग थोरले चिरंजीव दारातून आत आले, शाईची गादी उचलून खिडकीशी नेली, उजेडात धरून पाहिली आणि भावाला म्हणाले, “ही गादीच खराब आहे रे. शाई पाणी झालीय.” धाकटे चिरंजीव म्हणाले, “मलाही तसंच वाटलं.”

गादी नवीन असून मी ती याच कामासाठी विकत आणली होती. तथापि निशाणी फिसकटण्याचा दोष गादीचा आहे, असं नमूद करत आहे.

साक्षीदार, गादीबाबत सहमत:
सही, वाद्यदुरुस्तीवाले
सही, समोरच्या मास्तरीणबाई

ठिकाण: खिडकीजवळची खाट
दिनांक: महिन्याचा पहिला सोमवार, सकाळ