डाव्या हाताची चपराक

जळकोट,
बाजाराच्या आदल्या दिवशी

वडीलधारे सिद्रामप्पा अण्णा यांना विरूपाक्षचे शरणु शरणार्थ.

(तुमच्या घरचा जावई असून मी आधी वाकलो, यावरून प्रकरण किती चिघळलंय ते तुम्ही ओळखलं असेलच.) तुमची कंबर कशी आहे? मुखेडच्या विहिरींना पाणी आहे का? आमच्याकडे नाही. लातूर वेगळा जिल्हा झाला तेव्हा मी चौकात असा बोललो होतो की हार घालायला आलेला माणूस हार हातातच धरून झोपला. जिल्हा आला, कलेक्टर आले, त्यांची गाडी आली. पाणी तेवढं जुन्या जिल्ह्यातच राहिलं. पिकं गेली, म्हणून दिवसभर सगळं गाव दुष्काळी कामावर खडी फोडतं आणि दिवस मावळला की दगडोबाच्या फिरत्या टॉकीजच्या तंबूत सिनेमा बघतं. यावर मी टीका करणार होतो, पण मीही तिथंच असतो.

तुमच्या भगिनी उमादेवी यांनी तुम्हाला त्यांची बाजू सांगितली असणार. आता माझी ऐका.

दगडोबाच्या तंबूत मधोमध पडदा. पडद्याच्या अलीकडे, फाटकाजवळ, पुरुष, पलीकडे बाया. चित्र दोन्हीकडून दिसतं. यंदा त्याने दोन हरवलेल्या भावांचा सिनेमा आणला होता, कुरळ्या केसांच्या नटाचा. तुम्ही त्याला नाचता येत नाही म्हणता, ते मला मान्य नाही. त्याला नाचता येत नाही हे खरं, पण तो ज्या निष्ठेने नाचत नाही ती निष्ठा आजच्या पुढाऱ्यांत नाही. गाणी अशी की खडी फोडणाऱ्या बाया त्याच चालीवर हातोडा घालतात. विनोदी नट मात्र टाकाऊ. धोतर सुटण्यापलीकडे त्याला विनोद माहीत नाही, आणि दुष्काळात माणसाने सुटलेल्या धोतराला किती हसावं? (मी हसलो. पण विचारपूर्वक.)

तर शेवटी नट खलनायकाला चपराक मारतो. घरी भाकरी खाताना मी सहज म्हणालो, काय उजवा हात चालवला पठ्ठ्यानं! उमादेवी म्हणाल्या, "उजवा कुठला? डावखुरा हाय त्यो. डाव्यानंच हाणला." मी हसलो. हसायला नको होतं. "सिनेमा बायकांना कळत नाही," हेही म्हणायला नको होतं. आणि पुढच्या बाजारी, चिंचेखालच्या पारावर उभं राहून, ग्रीकांपासून बसवण्णांपर्यंत सगळ्यांचे दाखले देत, "डावा हात, स्त्रीबुद्धी आणि भ्रम" या विषयावर व्याख्यान तर अजिबात द्यायला नको होतं. टाळ्या मात्र प्रचंड पडल्या. सगळे पुरुष एकमुखाने उजव्या हाताचे. टाळ्या संपायच्या आत उमादेवी मुखेडच्या एस.टी.त बसल्या होत्या.

त्यांना खोटं पाडायचं म्हणून मी पुरावा गोळा करायला निघालो. खेळ सुरू व्हायच्या आधी डोक्यावरून घोंगडी घेऊन बायांच्या बाजूला शिरलो. आजवर मी सिनेमाच्या सुरुवातीच्या नावांच्या पाट्या कधी पाहिल्याच नव्हत्या, कारण त्या वेळी मी बाहेर चहाच्या गाड्यावर कुणालातरी काहीतरी पटवून देत असे. तिथं पडद्यावर नावं आली आणि सरळ, स्वच्छ वाचता आली! मागे वळून पाहिलं तर यंत्र बायांच्या पाठीशी. म्हणजे अण्णा, सिनेमाची पुढची बाजू बायांची. इतके दिवस आम्ही सगळे मर्द पडद्याच्या मागे बसून सगळं उलटं बघत होतो! उजवा तो डावा, डावा तो उजवा. यंत्राचा उजेड रोज समोरून आमच्या डोळ्यांत जात होता; डोक्यात गेला नव्हता. मग तो कुरळ्या केसांचा उठला आणि त्याने स्पष्ट, निःसंदिग्ध, डाव्या हाताने चपराक मारली. मी "अरे देवा" म्हणालो. आवाज माझा. सगळा जिल्हा ओळखतो. पुढची चपराक शेजारी बसलेल्या केवळाबाईने मारली, ती कुठल्या हाताची हे मी पाहिलं नाही.

यंत्र बायांकडं का, असा दगडोबाला जाब विचारला. तो म्हणाला, "काय करू मालक? रीळ तुटलं की गडी मशीनवर चपला फेकत्यात. बाया फकस्त शिव्या देतात." मग गड्यांना गेलो विचारायला, की बाबांनो, उलटी अक्षरं पाहून तुम्हाला शंका कशी आली नाही? शंकरप्पा म्हणाला, आम्हाला वाटलं उर्दू. (शंकरप्पा निजामाच्या शाळेत चार इयत्ता उर्दूच शिकलाय.)

असो. पार्वतम्मांना नमस्कार. कंबरेला एरंडाचं तेल लावा. बाकी सर्व ठीक.

आपला,
विरूपाक्ष

ता. क. बाकी काहीही ठीक नाही. मी केलेली भाकरी काल कुत्र्याने हुंगली आणि तो माझ्याकडे कीव केल्यासारखा बघत राहिला. उमादेवींनी निरोप धाडलाय की ज्या पारावरून मला खोटं पाडलं त्याच पारावरून खरं म्हणा, तरच येईन. उद्या बाजार आहे. उद्या म्हणतो.

पुन्हा ता. क. पत्र टाकायचं राहून गेलं, तोवर बाजार झाला. म्हणालो. आयुष्यातलं सगळ्यात छोटं भाषण: "माझी बायको खरी, मी खोटा, नट डावखुरा." एक टाळी पडली नाही. यंत्राचं सांगू लागलो तर वीरण्णा ओरडला, "अप्पा बायकोला भ्याला रं!" सगळा बाजार हसला. गावातला एकही पुरुष पडदा ओलांडून बघायला तयार नाही. सगळे अजून उजव्याच हाताचे आहेत. माझ्याबरोबर कुणी चहा पीत नाही.

शेवटचं ता. क. म्हणून आता मी बायांच्या बाजूलाच बसतो. अगदी कडेला, पाय पोटाशी घेऊन, बोलायचं नाही या अटीवर. (मी! बोलायचं नाही!) उमादेवींची जागा चटईवर मी टोपी ठेवून धरलीय. दगडोबा पुढच्या आठवड्यात नवा सिनेमा लावतोय, तोच नट, आणि यात तो तलवार चालवतो. कुठल्या हाताने, ते मी उमादेवींना विचारूनच ठरवीन असं त्यांना सांगा आणि सकाळच्या गाडीत बसवा. उशीर करू नका अण्णा, केवळाबाई रोज थोडी थोडी टोपीकडे सरकतेय.