वृक्षदिनाचं झाड

प्रिय ऑर्फाताईस,

पहाटेचा तो बुडबुड आवाज तुला आठवतो का? भरल्या हंड्यात कुणी रिकामी बाटली बुडवावी तसा. वडिलांच्या गाडीखाली पोटावर पडून आपण रानकोंबड्यांचा नाच पाहायचो आणि तू माझं तोंड दाबून धरायचीस (मी कविता म्हणू नये म्हणून). तुझे गुडघे बरे असतील. माझं डोकं सोडून बाकी ठीक आहे.

डोकं फिरवलंय समितीनं. सरकारी कुरण, शेजारच्या बिडार्टचं कुरण आणि आपलं, असा सगळा सेजच्या झुडपांचा माळ म्हणे रानकोंबड्यांसाठी तिघांनी मिळून राखायचा. राखला की. कुंपणाच्या तारांना पांढऱ्या पट्ट्या बांधल्या (कोंबडे आपटून मरतात), बैठकीतली ती पाणचट कॉफीही प्यायलो. तर आता यांना आपलं जुनिपरचं झाड पाडायचंय. शाळेच्या वृक्षदिनी मी लावलेलं. तू बादली धरली होतीस आणि मी सहा कडवी न अडखळता म्हटली होती. सरकारी बाई टेरेसा म्हणते, त्यावर गरुड टपून बसतो, म्हणून माद्या त्या बाजूला घरटी करत नाहीत. आणि हा बिडार्ट, ज्याच्या मेंढ्यांनी आपला ओढा तीस वर्षं तुडवला, तो सगळ्यांसमोर म्हणतो, "व्हर्लभाऊ, तुमच्या एका झाडाची नऊशे पोरं टेकडीवर उभी आहेत. आता तरी आवरा." सगळे हसले. टेरेसासुद्धा. मी टोपी तिथेच विसरून उठलो. ज्या शाळेनं मला झाड लावल्याबद्दल बक्षीस दिलं, तिनं या माळावर झाड लावू नये एवढं एक वाक्य शिकवलं असतं तर काय बिघडलं असतं? सत्तर वर्षं मी गुन्ह्याला पाणी घालत होतो म्हणायचं.

झाड पाडायच्या कागदावर मी सही करणार नाही. तुझ्या मुलांनाही कळव.

तुझा धाकटा भाऊ,
व्हर्ल

ता. क. आपण मोजायचो तेव्हा नाचायला साठ कोंबडे यायचे. या वसंतात मी रोज पहाटे जाऊन मोजले. आठ. शेवटच्या दिवशी पाच.

ता. क. सही मी सोमवारी केली. पण जमीन दोघांची, तुझीही लागते. कागद सोबत आहे. हिवाळ्याआधी झाड पडायला हवं. त्या दिवशी मला तुझ्याकडे राहायला बोलाव, कारण विचारू नकोस.

ता. क. पाकीट चिकटवतोय तोच अंगणात गाडी थांबली. टेरेसा असेल म्हणून दार उघडलं नाही. खिडकीतून पाहतो तर तू. टेरेसानं तुला आधीच कळवलेलं दिसतंय. एका हातात काठी, दुसऱ्या हातात करवत.