सृष्टीचं ‘फाइन’

॥ श्री एकवीरा प्रसन्न ॥

बेंगळूरू, मंगळवार

सृष्टीचे बाबा यांस निर्मलाचा नमस्कार.

तुम्ही पाठवलेले इंद्रायणी तांदूळ आणि डिंकाचे लाडू पोचले. पार्सलला चारशे ऐंशी पडले, पुढच्या वेळी नुसते लाडू पाठवा.

पोटातलं गेल्याला आज तेरा दिवस झाले. लेक आता हिंडती-फिरती आहे, काळजी नसावी.

शेजारणी दारातून विचारतात, ही ‘फाइन’ म्हणते, त्या हसून जातात. जेवायला बोलावलं की मलाही तेच, ‘आय ॲम फाइन, आई.’ आपल्याकडे कुणी ‘नको’ म्हणालं तरी आपण तीनदा वाढतो. इथं मी इथली रीत धरली आणि आग्रह केला नाही. मला वाटलं, नवऱ्याबरोबर जेवते; जावयांना वाटलं, माझ्याबरोबर. चार दिवस पोर चहावर होती.

काल न विचारता मऊ भात भरवला. दोन घास खाल्ले आणि गळ्यात पडून रडली.

तुमचा गुडघा कसा आहे? गाय व्याली का?

तुम्हीही फोनवर ‘बरी का गं’ विचारता आणि ‘फाइन’ ऐकून निर्धास्त होता. आता विचारू नका. उलट टपाली तिला स्वतःच्या हातानं लिहा, घरी ये म्हणून. पण त्याआधी ओटीवरचा पाळणा धोंडाबाईंकडे परत पोचवा.

तुमची,
निर्मला