होळीचा मान

१ मार्च १९५५
सरपंच मी. शिक्का माझ्याकडे. आणि विहिरीचा तंटा मिटला कुठे, तर कनीराम पटेलाच्या ओट्यावर! मी दोघांना बोलावलं होतं. म्हणाले, "साब, पेलां पटेल बा से पूछी लां." पूछी लां! आधी त्याला विचारणार, मग मला!

जळतो मी त्या म्हाताऱ्यावर. वहीत लिहायला कसली लाज?

३ मार्च
पणजोबा साताऱ्याहून होळकरांच्या दफ्तरात आले. चार पिढ्या याच मातीत गेल्या. गावात सर्वांत जास्त जमीन आमची. तरी पाठीमागे आम्ही 'दक्खनी'च. कनीरामकडे काय आहे? दोन बैल आणि वाकलेली कंबर.

४ मार्च
ठराव मंजूर! यंदापासून गावची होळी गावचा पटेल नाही, सरपंच पेटवणार. पंचांनी माना डोलावल्या. कनीरामला विचारलं, तर शांतपणे म्हणतो, "लगाव साब. होली तो गाँव की है." भांडला असता तर बरं वाटलं असतं. हा चांगुलपणाच मला सहन होत नाही.

५ मार्च
यशोधरा म्हणाली, "होळी पेटवायचीय की पटेल व्हायचंय?" बायकोनं तरी आपल्या बाजूनं असावं. दिवसभर तिच्याशी बोललो नाही.

८ मार्च
पेटवली! नवा फेटा बांधला होता. ढोल वाजले. शहरातल्या मल्हारगंजातून दिवाकर मुद्दाम आला — धाकट्या भावानं पाहिलं, बरं झालं. कनीराम मागे उभा होता. मी तिकडे मुळीच पाहिलं नाही. (चारदा पाहिलं.)

९ मार्च
होळीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे बायका होळीतला विस्तव नेतात, त्यावरच घरोघरी चूल पेटते. उजाडल्यावर गेलो. निखारे जसेच्या तसे, एक कुणी उचललेला नाही!

चौकीदार सांगायला तयार नव्हता. दरडावलं तेव्हा बोलला. बायकांनी कनीरामच्या अंगणात पाच गोवऱ्या रचल्या, झोपेतून उठवून त्याच्या हातानं पेटवून घेतल्या आणि तिथला विस्तव नेला. तो नको नको म्हणत होता म्हणे. असेल! नको म्हणूनच तर म्हाताऱ्यानं गाव खिशात घातलंय.

एकेकाला नोटीस काढतो. ठराव म्हणजे पोरखेळ नव्हे.

१० मार्च
सकाळी नोटिशीसाठी घरांची यादी करायला बसलो. सात नावं झाली. यशोधरेनं चहा आणून ठेवला, कागद वाचला.

म्हणाली, "पहिलं नाव आपलं घाला. पटेल बांना मीच उठवलं. मला या गावात राहायचंय."

चहा गरम होता. प्यालो.