पर्णवटवट्यांची शिरगणती

५ एप्रिल
आज तीन! ठरलेल्या बारा जागा, प्रत्येक जागी दहा मिनिटं, आणि सबंध रानात मिळून तीन पर्णवटवटे. गेल्या वर्षी सात होते. अंगठ्याएवढा पक्षी, दाट पानांत दडलेला – दिसत नाहीच, नराच्या गाण्यावरून मोजायचा. बावीस वर्षं मोजतेय.

शोधनिबंध तयार आहे: हा पक्षी या रानातून नाहीसा होत चाललाय. महिनाअखेरीस पाठवायचा. शेवटचं पान लिहिताना रडले. साठीला आलेली बाई, टेबलावर डोकं टेकून! तरी तीन आहेत. तिघांचेही आभार.

६ एप्रिल
दोन.

९ एप्रिल
ह्यांचा गुडघा पुन्हा आखडला. रानात माझ्यासोबत येऊन वही धरतात, अन् उभ्याउभ्या डुलक्या काढतात. उद्या त्यांच्या जागी वन्सं येणार – आपण होऊन म्हणाल्या. शिवणाचं दुकान बंद ठेवून भावाला बघायला आल्यात. मनाने सोनं, पण तोंडाला कुलूप नाही. दहा मिनिटं गप्प बसल्या तर बक्षीस देईन!

१० एप्रिल
चौथ्या जागी दहा मिनिटं झाली, मी वहीत शून्य लिहिलं. वन्सं कपाळ दाबून बसलेल्या.

"वहिनी, संपलं का? हा कधीचा किरकिरतोय, डोकं उठलं माझं."

मी विचारलं, कोण? त्यांनी समोरच्या फांदीकडे बोट केलं. दुर्बीण लावली. पर्णवटवट्या! चोच सताड उघडी, गळा थरथरतोय – आणि मला काही म्हणजे काही ऐकू येत नाही.

वन्संना सगळं सांगितलं. त्या माझी पिशवी आपल्या खांद्याला लावून म्हणाल्या, "उद्या आधी कानाचा डॉक्टर."

११ एप्रिल
डॉक्टर म्हणाले, वरच्या पट्टीतले आवाज गेलेत. हळूहळू, कित्येक वर्षांत. बोलणं नीट ऐकू येतं म्हणून कळलं नाही. परत येणार नाहीत.

विभागप्रमुखांना फोन करून निबंध थांबवला. मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण छापून आल्यावर कळलं असतं तर? वन्संचे उपकार कसे फेडू! त्यांना तसं म्हटलं, तर आधी जेवून घ्या म्हणाल्या.

एक भीती आहेच. कान गेले हे खरं, पण पक्षीही खरंच कमी झाले असतील तर? उद्या पुन्हा बाराही जागा. मोजायचं वन्संनी – नवा नर गायला लागला की एक बोट वर.

१२ एप्रिल
वन्सं बोट वर करत गेल्या, मी वहीत टिंबं मांडत गेले. एकवीस. पहिल्या वर्षी एकोणीस होते.

सगळे आहेत. बाई गं, सगळे आहेत! माझे कान गेले, एवढंच.